पानथरी नसलेला माणूस

"याची पानथरी लहानपणीच काढली," असं माझ्या सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या. सूर असा, की जणू जावळ काढलं. त्यामुळे पुढे कोणी काही विचारायचं नाही. नवरा सायकलवरून दगडी पायरीवर पडला, पोटात रक्तस्राव झाला, पुण्यात ऑपरेशन झालं, पोरगा वाचला, एवढीच ती गोष्ट. शेवटी वाटीत लाडू यायचा आणि विषय संपायचा.

नवऱ्याने तर हा शब्दसुद्धा टाकून दिला होता. तो पहिल्यांदा नोकरीसाठी अमेरिकेत आला तेव्हा कुणा शहाण्याने त्याला कानमंत्र दिला होता, की इथे तब्येतीबद्दल विचारलं तर कमीत कमी सांगायचं, नाहीतर नोकरीवर गदा येते. तेव्हापासून प्रत्येक डॉक्टरसमोर त्याचं एकच वाक्य ठरलेलं. लहानपणी पोटाचं छोटं ऑपरेशन झालंय. डॉक्टर विचारायचे, अपेंडिक्स का? हा मान डोलवायचा. ती मान हो म्हणत्येय की नाही, हे इथल्या माणसांना कळत नाही, त्यामुळे तेही हो समजून पुढे जायचे.

त्यात स्वभाव असा, की दुखणं अंगावर काढण्यात पराक्रम आहे असं मानणारा. दाढ सुजून तोंडाचा फुगा झाला तरी मीटिंग करणार. नागीण उठली तेव्हा शर्ट टेकवत नव्हता, पण ड्राइव्ह करत ऑफिसला गेला. "बरं नाही वाटत का रे?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "ठीक आहे गं." मी नागपूरची. आमच्याकडे शिंक आली तरी शेजारच्या तीन घरांना कळते. हा पुणेरी अबोला मला आजतागायत पचलेला नाही.

तर अशा माणसाच्या मुलीने झांबियात लग्न ठरवलं.

आमची लेक अमेरिकेतल्या आमच्या ह्या अल्फारेटात वाढली, इथेच शिकली, आणि पाणीपुरवठ्याच्या कामासाठी म्हणून झांबियात लिव्हिंगस्टन नावाच्या गावी गेली. व्हिक्टोरिया धबधबा आहे ना, त्याच्या जवळ. वर्षभरासाठी गेली होती, ती तिथलीच झाली. मुलगा तिथल्या शाळेत गणित शिकवतो. त्याला लहानाचं मोठं केलं ते आजीने. तिकडे आजीला गोगो म्हणतात. गोगोचे गुडघे पार गेलेले, चार पावलं टाकली की बसावं लागतं. म्हणून लग्न तिच्याच अंगणात करायचं ठरलं, ऑगस्टमध्ये, तिकडच्या थंडीत. आम्ही खूश होतो. नवरा तर दोन महिने जिराफांचे व्हिडिओ बघत होता.

प्रवासाआधी लसी घ्यायला हव्यात म्हणून मी आम्हा दोघांची ट्रॅव्हल क्लिनिकमध्ये अपॉइंटमेंट घेतली. डॉक्टरीण वयाने मोठी, शांत, भराभर न बोलणारी. तिने नवऱ्याला विचारलं, काही ऑपरेशन झालंय का? त्याने ठरलेलं वाक्य म्हटलं. तिने विचारलं, कसलं? त्याने मान डोलवली. मी मध्ये पडले. त्याची पानथरी काढली आहे, असं मी इंग्रजीत सांगायला गेले आणि अडकले, कारण पानथरीला इंग्रजीत काय म्हणतात हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. इंजिनियर दोघंही, पण पानथरीपाशी गाडी बंद. फोनमधल्या भाषांतरवाल्याला विचारलं, तर त्याने 'पानांचा थर' असं काहीतरी सांगितलं. नवरा हसायला लागला. "बघ, सॅलडच काढलंय पोटातून. चल, जाऊ दे."

मी जाऊ देत नाही. हा माझा दुर्गुण म्हणा की काहीही म्हणा. सकाळची वेळ होती, म्हणजे भारतात संध्याकाळ. मी तिथूनच कोल्हापूरला नणंदेला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"वन्स, पानथरी म्हणजे नक्की काय हो?"

"अगं, डाव्या बाजूला असते ती. बरगड्यांच्या खाली," वन्स म्हणाल्या. मागे कुकरची शिट्टी झाली. "हिवताप आला की फुगते बघ, ती. का गं? दादाला काय झालं?"

मी डॉक्टरिणीला जसंच्या तसं सांगितलं. पोटात डावीकडे असते, मलेरियात फुगते. तिचे टाइप करणारे हात थांबले. तिने खुर्ची आमच्याकडे वळवली आणि नवऱ्याला म्हणाली, "यू डोन्ट हॅव अ स्प्लीन?"

पुढची पंधरावीस मिनिटं ती बोलत होती आणि आम्ही ऐकत होतो. पानथरी रक्त गाळते, जंतूंशी लढते. ज्याला ती नाही, त्याला साधा वाटणारा ताप एका दिवसात होत्याचं नव्हतं करू शकतो. अशा माणसाला काही खास लसी घ्याव्या लागतात. त्या याने कधीच घेतल्या नव्हत्या, कारण कोणाला माहीतच नव्हतं. आणि मलेरिया हा पानथरी नसलेल्या माणसाचा पक्का वैरी. जिथे मलेरिया आहे तिथे अशा माणसाने शक्यतो जाऊच नये, असं ती स्पष्ट म्हणाली.

"डॉक्टर, आम्ही पुण्यात वाढलो," नवरा म्हणाला. "डासांशी आमची जुनी ओळख आहे. आम्हाला इम्युनिटी असते."

ती हसली नाही. म्हणाली, असली तरी ती इतकी वर्षं इथे राहून केव्हाच गेली. आणि तुमच्याकडे ती सांभाळणारा अवयवच नाही.

पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर मी स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसले. मला भयंकर राग आला होता. नवऱ्याचा, सासूबाईंचा, तो कानमंत्र देणाऱ्या शहाण्याचा. आणि त्या रागाच्या खाली भीती होती, ती जास्त होती.

"काहून नाही सांगितलं रे आजवर कोणाला?" रागात मी नागपूरला पोचते.

"मलाच कुठे माहीत होतं? आई म्हणायची, काढली, संपलं."

 तो समोर बघत म्हणाला, "मी जाणार आहे. पोरीचं कन्यादान मी करणार."

"तू जाणार," मी म्हणाले, "आणि परतही येणार. मधलं सगळं माझ्याकडे."

त्या आठवड्यात लेकीला व्हिडिओ कॉल केला. आधी मी तिला फक्त मच्छरदाण्या, पूर्ण बाह्यांचे कपडे, बाटलीबंद पाणी वगैरे सांगत होते. तेव्हा ती हसत म्हणाली, "आई, यू आर बीइंग सो एक्स्ट्रा." म्हणजे मी अतिच करतेय. मग मी पानथरीचं सांगितलं. तिचं हसू गेलं. ती पाण्याचं काम करते, रोज दवाखान्यांशी संबंध येतो, तिला एका वाक्यात सगळं कळलं.

"बाबा, व्हाय डिडन्ट यू टेल मी?" आणि बाबाने तोंड उघडायच्या आत, "लेट्स मूव्ह द वेडिंग. वी कॅन डू इट इन जोहान्सबर्ग. तिथे मलेरिया नाहीये."

मला वाटलं, सुटलो. मी हो म्हणणारच होते, तेवढ्यात नवऱ्याने फोन माझ्या हातातून घेतला. "आणि गोगो कशी येणार? त्या मुलाला आईबाप नाहीत, एक आजी आहे. तिला सोडून लग्न लावायचं? माझी पानथरी नाही, तिचे गुडघे नाहीत. त्यातल्या त्यात मला गोळ्या तरी आहेत." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि ही आहे."

त्याचं हे म्हणणं मला पटलं, आणि म्हणूनच त्याचा जास्त राग आला.

मग मी कामाला लागले. लसी एकदम देता येत नाहीत, मधे अंतर ठेवावं लागतं. उन्हाळाभर त्याचा एक ना एक दंड दुखत होता. मी एक बॅग भरली, तिच्यात मलेरियाच्या गोळ्या आणि ताप आलाच तर दवाखान्यात पोचेपर्यंत लगेच घ्यायचं अँटिबायोटिक. ती बॅग माझ्या खांद्यावरून उतरणार नाही असं मी जाहीर केलं. त्याच्यासाठी एक स्टीलचं कडं मागवलं, त्यावर इंग्रजीत कोरलेलं, पानथरी नाही. कुठे बेशुद्ध पडला तर डॉक्टरांना कळावं म्हणून. ते बघून तो म्हणाला, "मी काय कुत्रा आहे पट्टा बांधायला?" कडं ड्रॉवरमध्ये पडलं. त्यावरून दोनदा कडाक्याचं भांडण झालं आणि दोन्ही वेळा मी हरले.

कपड्यांवर मात्र मी हरले नाही. कपड्यांना मारायचं डास पळवणारं औषध मिळतं, अंगाला नाही, कपड्यालाच लावायचं. एका शनिवारी मी गॅरेजचं दार उघडून दोरी बांधली आणि त्याचे शर्ट, पँटी, मोजे, कन्यादानाचा झब्बा, फेटा, सगळं टांगून तोंडाला रुमाल बांधून फवारलं. दोन घरं सोडून राहणाऱ्या मराठी काकू फिरायला निघाल्या होत्या, त्या ड्राइव्हवेत थबकल्या. "काय गं, ड्रायक्लीनिंग काढलंस की काय?"

"द्राक्षबाग समजा काकू. फवारणी चालू आहे."

काकूंना सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं आम्ही तर केनियाला गेलो होतो, काही गोळ्याबिळ्या घेतल्या नाहीत. आपल्या लोकांना काही होत नाही." मी त्यांना जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. काकू नंतर महिनाभर माझ्याशी बोलत नव्हत्या.

लिव्हिंगस्टनला पोचलो तर हवा सुरेख होती. सकाळी शाल लागायची. डास दिसत नव्हते, त्यामुळे नवऱ्याला जोर आला. "दाखव कुठे आहेत तुझे डास!" मी मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचत होते. सूर्य कलायला लागला की त्याला मोजे, पूर्ण बाह्या, उघड्या अंगाला मलम, आणि मग आत. गोगोच्या अंगणात एक पिवळं कुत्रं होतं, ह्याला कुत्र्यांचं वेड. त्याला हात लावायचा नाही, पानथरी नसलेल्याला कुत्रं चावलं तर तेही जिवावर बेतू शकतं, असं डॉक्टरिणीने सांगितलेलं. तो लांबूनच त्या कुत्र्याशी मराठीत गप्पा मारायचा.

एकदा नवरदेवाच्या मित्रांनी बेत केला, लांबच्या एका लॉजवर जेवायला जायचं, रात्री परत. अंधारात हायवेवर दिवे नसलेले ट्रक उभे असतात, जनावरं आडवी येतात, हे मला लेकीनेच कधीतरी सांगितलं होतं. मी म्हटलं, जेवण दुपारी करा, मी दहा जणांना वाढते, पण अंधार पडल्यावर माझं माणूस गाडीत बसणार नाही. आणि एका गाडीत नऊ जण कोंबायचे नाहीत, पट्टे जेवढे तेवढीच माणसं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. लेक लाजली. पण जेवण दुपारीच झालं.

हे सगळं गोगो खुर्चीत बसून बघत होती. एका संध्याकाळी तिने मला जवळ बोलावलं आणि हळू इंग्रजीत विचारलं, तू नवऱ्याला रोज कोंबडीसारखं आत का हाकलतेस? मी माझ्या बरगडीखाली हात ठेवून सांगितलं. तिला पटकन समजलं. म्हणाली, माझा मुलगा, ह्या मुलाचा बाप, मलेरियाने गेला. ताप आला तरी म्हणत होता, पेरणी उरकू दे, मग जातो दवाखान्यात.

मी तिचा हात धरून बसले. 

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते, तेव्हा बाहेरून तिचा खणखणीत आवाज आला. "फादर! इनसाइड, इनसाइड! द सन इज गोइंग!" आणि माझा नवरा, जो माझं एका हाकेत कधी ऐकत नाही, तो मुकाट्याने आत आला. त्यानंतर सूर्याकडे बघायचं काम गोगोने घेतलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी वेगळाच पेच पडला. त्याची गोळी रोज नाश्त्याबरोबर असायची, कारण ती रिकाम्या पोटी घेतली तर अंगी लागत नाही. आणि हा म्हणाला, "आज काही खाणार नाही. कन्यादान होईपर्यंत उपास असतो."

"गोळी?"

"एक दिवस उशिरा घेतली तर काय होतंय?"

मी एक कपभर साईचं दूध गरम करून आणलं. गोळीसाठी तेही चालतं, हे मी डॉक्टरिणीला आधीच विचारून ठेवलं होतं. "उपासाला दूध चालतं."

"कन्यादानाच्या उपासाला चालतं? कोणी सांगितलं?"

"मी सांगतेय. भटजी मिळालेले नाहीत, मंगलाष्टकं मी म्हणणार आहे, अंतरपाट मी शिवलाय. आज भटजी मीच. पी."

तो प्याला. मग औषध फवारलेला झब्बा घालून, फेटा बांधून गोगोच्या अंगणात बसला, आणि लेकीचा हात त्या मुलाच्या हातात देताना ढसाढसा रडला. मी मंगलाष्टकं म्हणता म्हणता त्याच्या मानेवर डास बसतोय का ते बघत होते.

आम्ही परत आलो. गोळ्या घरी आल्यावरही आठवडाभर घ्यायच्या असतात, इथेच बरीच माणसं फसतात. "अल्फारेटात कुठला आलाय मलेरिया?" असं रोज सकाळी म्हणत त्याने त्या घेतल्या, कारण मी दूध घेऊन समोर उभी असायचे. शेवटची गोळी संपली तेव्हा त्याने रिकामी बाटली माझ्या हातात ठेवली. "झालं समाधान? आता मी मोकळा." डॉक्टरिणीने बजावलं होतं, की मलेरिया पुढे काही महिन्यांतही डोकं वर काढू शकतो, आणि मलेरिया असो नसो, याचा ताप म्हणजे घाई. मी ते त्याला ऐकवलं. त्याने मान डोलवली. त्या मानेचा अर्थ मलाही कधी कळलेला नाही.

आणि खरं सांगू, मला तीच धास्ती होती. डास, रस्ते, कुत्री, पाणी, सगळ्यांशी मी भांडू शकत होते. पण ताप त्याच्या अंगात येणार, आणि हा 'ठीक आहे गं' म्हणणार, तिथे माझा काय इलाज होता? रोज त्याच्या कपाळाला हात लावायचे, तर तो चिडायचा.

झाडांची पानं पिवळी पडली होती. एका दुपारी मी डाळ-तांदूळ धुवत होते. नवरा वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होता. तो खाली आला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"अगं, कणकण वाटतेय."

मी नळ बंद केला.

"मीटिंग सोडून आलोय," तो म्हणाला. "चल, जाऊ या."

मी त्याला नागिणीत ड्राइव्ह करताना पाहिलं होतं. सुजलेल्या तोंडाने प्रेझेंटेशन देताना पाहिलं होतं. तो माणूस साधी कणकण आली म्हणून स्वतःच्या पायांनी खाली आला होता.  बॅग दाराशी टांगलेलीच होती. अँटिबायोटिकची गोळी त्याच्या हातावर ठेवली, पाणी दिलं, आणि गाडी काढायला गॅरेजमध्ये पळाले.

इमर्जन्सीच्या खिडकीत बसलेल्या नर्सने थर्मामीटर लावला. ताप अगदीच किरकोळ होता. कणकणीचं हेच असतं, थर्मामीटरला ती नीट दिसत नाही. ती म्हणाली, तुम्हाला थोडं थांबावं लागेल. मी माझी वाक्यं पाठ करून ठेवली होती, गाडीतही पुटपुटत होते. तोंड उघडलं, तर नवऱ्याने माझ्या दंडावर हात ठेवला.

"आय हॅव नो स्प्लीन," तो म्हणाला. मोठ्याने, त्याच्या पुणेरी इंग्रजीत, सगळी वेटिंग रूम ऐकेल असा. "अँड आय वॉज इन झांबिया."

मग त्याने स्वेटरची बाही वर केली आणि मनगट खिडकीत ठेवलं. मनगटात ते कडं होतं.

नर्स उठून उभी राहिली आणि आम्हाला लगेच आत घेतलं. रक्त काढलं, सलाइन लावली, त्यातून अँटिबायोटिक सुरू केलं. मलेरिया निघाला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं, तरी नाही. निघाला तो न्यूमोनिया, नुकताच सुरू झालेला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, तुमच्यासारख्या माणसाला उद्या सकाळपर्यंत थांबणं परवडलं नसतं.

"कडं कधी घातलंस?" मी विचारलं.

"तू गाडी काढत होतीस तेव्हा." तो छताकडे बघत होता. "गोगोचा मुलगा काय म्हणाला होता माहितीये? पेरणी उरकू दे म्हणाला होता. तिने मलाही सांगितलं. मी मीटिंगमध्ये बसलो होतो गं. मनात आलं, एवढं उरकू दे. आणि तिचा आवाज आला."

मी लेकीला मेसेज केला होता, तेवढ्यात तिचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर ती आणि तिच्या खांद्यामागे गोगो. लेकीचा चेहरा पांढरा पडला होता. "बाबा? आर यू ओके?"

मी वाट बघत होते. इतक्या वर्षांची सवय, 'ठीक आहे गं' आता येणार.

"नाही गं," तो म्हणाला. "मला बरं नाहीये. पण मी वेळेवर आलोय."

 गोगोने फोन लेकीच्या हातातून घेतला, अगदी जवळ धरला, आणि नुसती मान हलवत राहिली. मी खिडकीकडे तोंड केलं आणि क्लिनिकच्या पार्किंगपासून जे अडवून धरलं होतं, ते सगळं रडून घेतलं.